फ्रोनाऊचे बौद्ध घर : बांधणारे हात आणि राखणारे हात



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात बहुधा दोन प्रकारचे लेख असतात. एक धम्मावरचे आणि दुसरे आपल्या वस्तीच्या आठवणींचे. आम्ही या वेळी थोडी वेगळी वाट धरली आहे. आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट आहे एका घराची. घर आहे जर्मनीत, बर्लिन शहराच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, फ्रोनाऊ नावाच्या वसाहतीत. आता कुणी म्हणेल, कुठे आपली वस्ती आणि कुठे बर्लिन! आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण रविवारच्या अभ्यासवर्गात या घराचा इतिहास वाचत गेलो, तसतसं लक्षात आलं की ही गोष्ट आपल्याच विहाराची आहे. ती कशी, ते शेवटी सांगू.

या घराचे नावच मुळी 'बौद्ध घर' आहे. जर्मन भाषेत त्याला 'दास बुद्धिस्टिशे हाउस' म्हणतात. १९२४ साली ते बांधून पूर्ण झाले. युरोपात आज जी बौद्ध विहारे आहेत त्यांत हे सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. पण ते दिसायला मात्र देवळासारखे नाही की चैत्यासारखे नाही. ते आहे एक बंगलेवजा घर. त्या काळी बर्लिनचे सुखवस्तू लोक शहराबाहेर झाडीत जाऊन जसे बंगले बांधीत, तशाच घडणीचे. फरक एवढाच की हा बंगला कुणा सावकाराने ऐषआरामासाठी बांधला नाही. तो एका डॉक्टरने धम्मासाठी बांधला.

डॉक्टर पॉल डाल्के

या डॉक्टरांचे नाव पॉल डाल्के. जन्म २५ जानेवारी १८६५, पूर्व प्रशियातील ओस्टेरोडे या गावी. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. डाल्के बर्लिनमध्ये वैद्यकी शिकले आणि तिथेच होमिओपथीचे डॉक्टर म्हणून त्यांनी नाव मिळवले. हाताला यश होते. चार पैसे गाठीला जमले. अशा वेळी माणूस काय करतो? शहरात मोठं घर घेतो, गाडीघोडा ठेवतो. डाल्के यांनी मात्र जहाजाचे तिकीट काढले आणि ते पूर्वेकडे निघाले. १९०० च्या सुमारास ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोहोचले. तिथल्या ज्येष्ठ भिक्खूंच्या पायाशी बसून त्यांनी पाली आणि धम्म शिकायला सुरुवात केली आणि ते बौद्ध झाले. पुढे ते पुन्हा पुन्हा सिलोनला जात राहिले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी जर्मनीत बुद्धाचे नाव विद्वानांना माहीत होते. विद्यापीठांत पाली शिकवली जात होती, सुत्तांची भाषांतरे होत होती. १९०३ साली लाइपझिग शहरात बौद्धांची पहिली संस्थाही निघाली होती. त्याच वर्षी एक जर्मन तरुण ब्रह्मदेशात रंगूनला श्रामणेर झाला. तेच पुढे भदंत ज्ञानतिलोक म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. पण हे सारे पुस्तकात आणि परदेशात. जर्मनीच्या मातीत, जिथे चार माणसांनी पादत्राणे काढून बसावे, त्रिशरण घ्यावे, उपोसथ पाळावा, अशी हक्काची जागा नव्हती. धम्म कपाटात होता, त्याला घर नव्हते. ही उणीव डाल्के यांना सलत होती.

ते स्वतः लिहिणारे होते. धम्मपदाचे, तसेच दीघ निकाय आणि मज्झिम निकायातील सुत्तांचे त्यांनी जर्मन भाषांतर केले. बौद्ध विचार आणि विज्ञान यांवर पुस्तके लिहिली, नियतकालिके चालवली. धम्म म्हणजे नुसती श्रद्धा नव्हे, तो तपासून पाहता येतो, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. आपल्याला हा सूर ओळखीचा वाटतो. बाबासाहेबांनीही धम्म आपल्याला दिला तो याच कसोटीवर घासून.

बागांच्या वसाहतीतला उंचवटा

फ्रोनाऊ ही वसाहत १९१० साली वसली. झाडी राखून, रस्ते वळणदार ठेवून, प्रत्येक घराला बाग राहील अशा बेताने तिची आखणी झाली होती. जोसेफ ब्रिक्स आणि फेलिक्स गेन्झमर या दोन नगररचनाकारांनी तो आराखडा केला होता. आगगाडीचे स्टेशन होते, त्यामुळे शहरात नोकरी-धंद्याला जाणे सोपे आणि राहायला मात्र शांतता. इथली सुरुवातीची घरे म्हणजे सुटे सुटे बंगले. उतरते छप्पर, भोवती झाडे आणि रस्त्यापासून आत सरकलेले दार. १९२० साली फ्रोनाऊ बृहन् बर्लिनमध्ये सामील झाले.

याच वसाहतीत, एडेलहोफडाम नावाच्या रस्त्यावर, डाल्के यांनी एक वाळूचा उंचवटा पसंत केला. घराचा आराखडा माक्स मायर या वास्तुकाराने केला. तो काळ कसा होता, ते आधी पाहा. पहिले महायुद्ध हरलेली जर्मनी कर्जात बुडालेली. १९२३ साली तिथल्या चलनाची अशी काही घसरण झाली की त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका अमेरिकन डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत. सकाळी मिळालेला पगार संध्याकाळपर्यंत पाव घ्यायलाही पुरायचा नाही. योगायोग असा की चलन हाच विषय घेऊन बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ त्याच १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९२१ साली त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते. डाल्के आणि बाबासाहेब यांची गाठ पडली असे आम्हाला म्हणायचे नाही. पण एकाच काळात एक माणूस जर्मनीत धम्माला घर बांधत होता आणि दुसरा माणूस, ज्याच्या हातून पुढे लाखोंना धम्म मिळायचा होता, युरोपात अर्धपोटी राहून ग्रंथ वाचत होता, हे मनात आले की अंगावर काटा येतो.

अशा पडझडीच्या काळात डाल्के यांचे घर उभे राहिले. त्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. रस्त्यावरून आत शिरताना हत्तींची कोरीव कमान लागते. हत्ती म्हटला की आपल्याला महामायेचे स्वप्न आठवते आणि तोरण म्हटले की सांची आठवते. कमानीतून आत गेले की पायऱ्या सुरू होतात. एकूण ७३ पायऱ्या. त्या सलग नाहीत, त्यांचे आठ टप्पे केले आहेत. आठ टप्पे म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग, हे आपल्या लेकरांनाही सांगायला नको. माणूस एकेक टप्पा चढतो, दम लागला तर थांबतो, वर पाहतो, पुन्हा चढतो. वर गेल्यावर ते घर. अंगलटीने जर्मन बंगला, पण छपराच्या वळणात, कमानींत आणि नक्षीत सिंहली व पूर्वेकडच्या वास्तूंची छाया. राहण्याच्या खोल्या, ग्रंथालय, ध्यानासाठी आणि वंदनेसाठी सभागृह. भोवती झाडांची दाटी.

इथे डाल्के व्याख्याने देत, उपोसथाच्या दिवशी उपासक जमत. ते स्वतः अविवाहित होते आणि साधे राहात. वैद्यकीतून जे कमावले ते इथे ओतले. बाबासाहेबांनी मुंबईत दादरला घर बांधले तेव्हा त्याला 'राजगृह' हे बौद्ध इतिहासातले नाव दिले आणि घराची आखणी करताना आधी ग्रंथांचा विचार केला. डाल्के यांच्या घराबद्दल वाचताना आम्हाला वारंवार राजगृहाची आठवण येत होती. काही माणसे घर बांधतात ती स्वतःला राहायला नव्हे, तर विचाराला राहायला.

घर पोरके झाले

पण अनित्यता कुणाला चुकली आहे? घर पूर्ण होऊन चार वर्षे होतात न होतात तोच, २९ फेब्रुवारी १९२८ रोजी डॉ. डाल्के यांचे निधन झाले. वय अवघे ६३. त्यांच्यामागे त्यांच्या बहिणींनी घर सांभाळले. १९३३ साली नाझी राजवट आली. माणसामाणसांत वंशाची उतरंड लावणाऱ्या त्या राजवटीत समतेच्या धम्माला मोकळा श्वास कुठून मिळणार? जर्मनीतल्या बौद्धांचे जाहीर काम मंदावत गेले. मग १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. बर्लिनवर बॉम्ब पडले. शहराचे मैलच्या मैल भाग बेचिराख झाले.

१९४५ साली युद्ध संपले आणि पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे आले. ज्या पूर्व प्रशियात डाल्के जन्मले, त्या मुलखातूनही लाखो लोक पाठीवर बोचकी टाकून निघाले. त्यांना निवारा हवा होता. रिकामी, अर्धीरिकामी घरे त्यांना देण्यात आली. फ्रोनाऊच्या बौद्ध घरातही निर्वासित कुटुंबे राहिली. ध्यानाच्या जागी चुली पेटल्या असतील, दोऱ्यांवर ओले कपडे वाळत पडले असतील. यात त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. ज्याचे छप्पर गेले त्याला छप्पर देणे हेही धम्माचेच काम झाले. पण घराकडे पाहणारे, गळती काढणारे, निखळलेला दगड जागेवर बसवणारे कुणी राहिले नाही. बारा वर्षे अशी गेली. गिलाव्याचे पोपडे निघाले, लाकूड कुजू लागले, बागेचे रान झाले. डाल्के यांच्या वारसांना एवढा पसारा सांभाळणे झेपणारे नव्हते. घर विकले जाणार, आणि घेणारा ते पाडून टाकणार, अशीच चिन्हे होती.

कोलंबोचा घड्याळवाला

आता या गोष्टीत दुसरा माणूस येतो. तो जर्मन नाही, भिक्खू नाही, पंडित नाही. तो आहे कोलंबोतला घड्याळांचा व्यापारी, अशोक वीररत्न.

सिलोनमध्ये त्या काळी धम्मप्रचाराचे मोठे वारे होते. १९५० च्या मे महिन्यात कँडी इथे जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची स्थापना झाली. त्या परिषदेला आपले बाबासाहेबही हजर होते. वीररत्न व्यापाराच्या निमित्ताने युरोपात गेले तेव्हा त्यांनी जर्मनीतल्या बौद्धांची स्थिती डोळ्यांनी पाहिली. छोटे छोटे गट आहेत, जिज्ञासा आहे, पण भिक्खू नाहीत आणि जागा नाही. परत येऊन १९५२ साली त्यांनी कोलंबोत जर्मन धम्मदूत संस्था स्थापन केली. मूळचे जर्मन असलेले भदंत ज्ञानतिलोक यांचा तिला आशीर्वाद होता. लोकांपुढे झोळी पसरून निधी गोळा केला. देणाऱ्यांत श्रीमंत होते, तसे रोजच्या कमाईतून नाणे बाजूला काढणारेही होते.

१९५६ साल उजाडले. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे झाल्याचा जयंती महोत्सव सगळीकडे साजरा होत होता. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला काय घडले, ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. आणि ६ डिसेंबरला आपण काय गमावले, तेही सांगायला नको. आपले आईवडील, आजीआजोबा डोळे पुसत पुसत बावीस प्रतिज्ञा पाठ करीत होते, त्याच सुमारास कोलंबोत जर्मनीला जायची तयारी चालली होती. १९५७ च्या जून महिन्यात भदंत सोम यांच्यासह तीन भिक्खू आणि वीररत्न जहाजाने निघाले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात, डाल्के यांच्या वारसांकडून, फ्रोनाऊचे ते मोडकळीला आलेले घर संस्थेने विकत घेतले.

विचार करा. सिलोनला स्वातंत्र्य मिळून तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. युरोपने शेकडो वर्षे ज्या बेटाला लुटले, त्या बेटाच्या लोकांनी पै-पैसा जमवून युरोपातले एक पडके घर वाचवले! धम्म जिथून घेतला त्याचे ऋण फेडायला डाल्के यांनी घर बांधले होते. आता ज्यांच्याकडून घेतला तेच येऊन ते घर सावरत होते.

जीर्णोद्धार म्हणजे काय?

वीररत्न यांच्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली सोपी. पडके घर पाडावे आणि त्याच जागी सिंहली पद्धतीचे नवे विहार बांधावे. दुसरी अवघड. आहे तेच घर दुरुस्त करावे. त्यांनी दुसरी वाट धरली. घर राहण्यालायक केले, भिक्खूंच्या निवासाची सोय केली, वंदनेची जागा पुन्हा वंदनेसाठी मोकळी केली. हत्तींची कमान राहिली, ७३ पायऱ्या राहिल्या, डाल्के यांच्या बंगल्याचा चेहरा राहिला. जे खासगी घर होते त्याचे आता रीतसर विहार झाले. तेव्हापासून श्रीलंकेचे भिक्खू तिथे राहात आले आहेत.

पुढे १९६१ साली बर्लिनच्या मधोमध भिंत उभी राहिली. फ्रोनाऊ पश्चिम बर्लिनच्या कोपऱ्यात, तीन बाजूंनी सरहद्दीने वेढलेले. अशा कोंडलेल्या जागेत, काटेरी तारांच्या शेजारी, रोज पंचशील म्हटले जात होते. १९८९ साली भिंत पडली. घर मात्र उभेच होते.

आज ही वास्तू संरक्षित स्मारक आहे. बर्लिन राज्याचा १९९५ चा स्मारक-संरक्षण कायदा असा आहे की, संरक्षित वास्तूच्या मालकाने ती नीट राखलीच पाहिजे आणि तिच्यात काही बदल करायचा तर आधी परवानगी घेतली पाहिजे. म्हणजे आवडला म्हणून नवा दरवाजा बसवला, स्वस्त पडतो म्हणून सिमेंटचा थर दिला, असे चालत नाही. आपल्याला हे जाचक वाटेल. पण त्यामागे शहाणपण आहे.

ते समजायला त्या मुलखाची हवा समजून घ्यावी लागते. बर्लिनला हिवाळ्यात पाणी गोठते. दगडाच्या सांध्यात, विटेच्या फटीत शिरलेले पाणी गोठले की फुगते आणि फट रुंदावते. उन्हाळ्यात तिथे आणखी पाणी शिरते, पुढच्या हिवाळ्यात फट आणखी मोठी होते. केसाएवढी भेग काही वर्षांत बोटाएवढी होते. टेकडीवरच्या उघड्या पायऱ्यांना हा त्रास सर्वांत जास्त. म्हणून जुन्या घराचा वैरी म्हातारपण नव्हे, तर पाणी. छपराचे एक कौल सरकले, पन्हळ पानांनी तुंबली, की भिंतीत ओल उतरते आणि आतले लाकूड कुजते. जुन्या चुन्याच्या भिंतीला आत शिरलेली ओल बाहेर टाकता येते. तिच्यावर सिमेंट किंवा तैलरंग फासला की ओल आतच कोंडते आणि पोपडे धरतात. आपण म्हणतो, एवढा खर्च करून रंग दिला, तरी भिंत फुगली! अहो, रंगाने फुगवली ती.

जीर्णोद्धार म्हणजे म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा. म्हाताऱ्याला तरुण करता येत नाही, पण त्याचे दुखणे वेळेवर ओळखून औषध देता येते. दरवर्षी छपरावर चढून पाहणे, सांधे भरणे, पन्हळ साफ करणे, जेवढे खराब तेवढेच बदलणे. हे काम कधी संपत नाही, आणि या कामाचे उद्घाटनही होत नाही. कोनशिलेवर नाव बांधणाऱ्याचे येते. पन्हळ साफ करणाऱ्याचे कधी आलेय?

हे आपल्याकडे नवीन नाही

कुणाला वाटेल, जुने राखण्याची ही गोऱ्या लोकांची हौस. पण तसे नाही. आपल्याच सह्याद्रीच्या लेण्यांत याचे पुरावे कोरलेले आहेत. मुंबईजवळच्या कान्हेरीला नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष आणि त्याचा मांडलिक शिलाहार राजा पुल्लशक्ती यांच्या काळातला एक लेख आहे. त्यात दान दिलेल्या द्रम्मांची वाटणी सांगितली आहे. पूजेसाठी, भिक्खूंच्या चीवरांसाठी, ग्रंथांसाठी, आणि विहाराच्या डागडुजीसाठी! अकराशे वर्षांपूर्वीच्या दात्याला कळत होते की नुसते विहार असून भागत नाही, ते दुरुस्त ठेवायला वेगळा पैसा लागतो.

त्याच्याही आधी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख पाहा. त्याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. यांना त्या काळी 'अक्षयनीवी' म्हणत, म्हणजे कधी न संपणारे भांडवल. त्यातल्या २००० वर महिना शेकडा एक या दराने व्याज येई. वर्षाचे झाले २४०. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशोब कसा चोख बसतो पाहा! मुद्दल हलवायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे, असेही त्यात बजावून ठेवले आहे. दान देणारा राजघराण्यातला होता, पण ठेव सांभाळणारे हात होते ते विणकरांचे, कष्टकऱ्यांचे. विनयातही विहाराच्या बांधकामावर आणि दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या भिक्खूचा उल्लेख आहे. त्याला 'नवकम्मिक' म्हणत. म्हणजे डागडुजी हे मजुराचे हलके काम नसून संघाने नेमून दिलेली जबाबदारी होती.

आता आपल्या विहाराबद्दल

एवढे सांगून झाल्यावर घरचे बोलायला हरकत नाही. आपल्या विहाराचा जुना भाग पत्र्याच्या छपराचा आणि विटांच्या भिंतींचा. मागच्या पावसाळ्यात बुद्धमूर्तीच्या मागची भिंत ओलीने काळी पडली. वंदना चालू असताना बादली ठेवावी लागली. मग बैठकीत विषय निघाला की जुना भाग पाडून टाकावा, नवा स्लॅब टाकावा, खाली संगमरवर घालावा. खरे सांगायचे तर आम्ही स्वतः पाडणाऱ्यांच्या बाजूचे होतो. नवे म्हणजे चांगले, असे आमचे साधे गणित.

त्या बैठकीत मागे बसलेली एक म्हातारी आई उठून उभी राहिली. ती एवढंच म्हणाली, "बाबांनो, त्या भिंतीच्या विटा मी डोक्यावर आणल्यात. दिवसाची मजुरी करून यायचो आणि रात्री विटा वाहायचो. तुम्ही पाडा, पण मला सांगून पाडा." सगळी सभा गप्प झाली. आम्हाला मान वर करवेना. तोवर आमच्या दृष्टीने ती भिंत म्हणजे फक्त गळणारी भिंत होती. त्यापुढच्या रविवारी अभ्यासवर्गात फ्रोनाऊच्या घराचा विषय निघाला आणि आम्हाला वीररत्न यांची अवघड वाट कळली. डाल्के यांच्या ७३ पायऱ्या आणि आमच्या आईच्या डोक्यावरच्या विटा, दोन्हींचे मोल एकच.

मग आम्ही जाणकार गवंड्याला बोलावले. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि सांगितले, भिंत भक्कम आहे, दोष पत्र्याच्या जोडात आणि बाहेरच्या तुंबलेल्या गटारात आहे. वरून फासलेला तैलरंग खरवडून भिंतीला श्वास घेऊ द्या. म्हणजे आम्ही ज्याला मरण म्हणत होतो, ते साधे पडसे निघाले!

वाढत्या वस्तीला मोठे सभागृह लागणारच, आणि ते मोकळ्या बाजूला बांधताही येईल. जे खरोखर धोक्याचे झाले असेल ते उतरवावेच लागेल, माणसाच्या जिवापेक्षा भिंत मोठी नाही. पण पाडण्याआधी तपासावे, एवढीच आमची विनंती. तपासल्याशिवाय काही स्वीकारू नका, ही आपल्याला मिळालेली शिकवण. तसेच तपासल्याशिवाय काही मोडूही नये.

दुसरी विनंती निधीची. जयंतीला, वर्धापन दिनाला आपण हौसेने वर्गणी काढतो. मंडप, रोषणाई, लाऊडस्पीकर यांवर ती उडून जाते. त्यातला ठरावीक हिस्सा दरवर्षी बाजूला काढून बँकेत वेगळी ठेव करावी. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दर वर्षी पावसाळ्याआधी डागडुजी करायची. त्या ठेवीला नाव द्यावे 'अक्षयनीवी'. नाशिकच्या विणकरांनी सांभाळली, ती आपणही सांभाळू शकतो. आणि एक वही घालावी. कोणत्या साली काय दुरुस्त केले, कुणी श्रमदान केले, विटा कुणी वाहिल्या, ते तिच्यात लिहावे. त्या आईचे नाव पहिल्या पानावर यावे.

अशोक वीररत्न यांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. घड्याळांचा धंदा मागे टाकून १९७२ साली त्यांनी प्रव्रज्या घेतली आणि १९९९ साली, भिक्खू म्हणूनच, त्यांचे निर्वाण झाले. जन्मभर लोकांना वेळ दाखवणारी घड्याळे विकली, आणि स्वतःची वेळ मात्र नेमकी ओळखली. २०२४ साली फ्रोनाऊच्या बौद्ध घराला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांपैकी पहिली चार वर्षेच ते बांधणाऱ्याच्या हाती होते. उरलेली सारी वर्षे ते राखणाऱ्यांनी जगवले.

आपल्या विहारालाही शंभर वर्षे व्हावीत. तेव्हा आपण नसू. पण आपण भरलेली एखादी भेग, साफ केलेली एखादी पन्हळ तिथे असेल, आणि तिच्या आत बसून आपली पतवंडे त्रिशरण म्हणत असतील.

भवतु सब्ब मंगलं!
नमो बुद्धाय! जय भीम!